लॅपटॉप काकूंचा, खातं पुतण्याचं

घोटावडे आणि हिंजवडी, तालुका एकच: मुळशी. त्यामुळे गावात कुणी नवा लॅपटॉप आणला की 'चालू करून देण्याचं' काम आयटी पार्कात जाणाऱ्या पोराकडे येतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबला, म्हणजे हे काम आणखी वाढणार.

एक माणूस बटणं दाबतो आणि उपयोग दुसऱ्याला होतो, याला संशोधनात 'मध्यस्थामार्फत वापर' म्हणतात. निथ्या संबासिवन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये बंगळुरूच्या वस्त्यांमधला असा वापर नोंदवला. त्यांचं म्हणणं साधं आहे: यंत्र बनवताना वापरणारा एकटाच धरू नका.

विंडोज ११ चा सेटअप नेमकं तेच धरून चालतो. होम आवृत्तीत तो सुरुवातीलाच इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्ट खातं मागतो. समजा, लॅपटॉप बचत गटाचे हिशेब ठेवणाऱ्या काकूंचा आहे. त्यांच्या ईमेलचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. मग पुतण्या स्वतःचं खातं घालतो, दहा मिनिटांत काम उरकतं आणि सगळे खूश!

आता पुढे बघा. बहुतेक नव्या लॅपटॉपवर असं खातं घातलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते आणि तिची ४८ आकडी रिकव्हरी की त्याच खात्यात जमा होते. उद्या मदरबोर्ड बदलला की निळा पडदा ती की मागणार. पुतण्या तोवर परगावी, जुना नंबर बंद. काकूंचे हिशेब त्यांच्याच घरात, पण त्यांनाच उघडता येणार नाहीत. शिवाय वनड्राइव्हचा बॅकअप चालू राहिला, तर गटाची कागदपत्रं पुतण्याच्या ५ जीबीत जाऊन बसतात.

कुलूप वाईट नाही. एसटीत लॅपटॉप चोरीला गेला तर तेच वाचवतं. माझी तक्रार वेगळी आहे. सेटअप भाषा विचारतो, कीबोर्ड विचारतो. २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्डही विंडोजमध्येच आहे, हे कौतुकाचंच. पण 'हे यंत्र तुम्ही स्वतःसाठी लावताय की दुसऱ्यासाठी?' हा प्रश्न तो विचारत नाही. आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

तोवर पुतण्यांनी एवढं करावं. खातं काकूंच्याच नावाने, त्यांच्या मोबाइल नंबरवर उघडा. त्यांचं जीमेल असेल तर पासवर्ड नव्याने लावून तेच वापरा, चालतं. पिन त्यांना ठरवू द्या आणि तुम्ही तिकडे बघू नका. रिकव्हरी की कागदावर उतरवून सातबारा, रेशनकार्ड ठेवतात त्याच पिशवीत ठेवा. आणि पिशवीत काय ठेवलंय, कधी लागेल, हे काकूंना नीट सांगा. यात अर्धा तास जास्त जाईल, चहा होईपर्यंत थांबा.