‘७,७०० कॅलरी म्हणजे एक किलो’ : एका सोप्या सूत्राची चिकित्सा

वजन कमी करण्याविषयीच्या पुस्तकांत, ॲपमध्ये आणि व्यायामशाळांत एक सूत्र हमखास भेटते : ७,७०० किलोकॅलरींची तूट म्हणजे एक किलो चरबी कमी. रोज ५०० किलोकॅलरी कमी खा, पंधरवड्यात एक किलो उतरेल. सूत्र लक्षात ठेवायला सोपे आहे. पण अभियांत्रिकीचा विद्यार्थी कोणतेही सूत्र वापरण्यापूर्वी त्यामागची गृहीतके विचारतो. तेच येथे करू.

हा आकडा १९५८ साली मॅक्स विश्नोफ्स्की या अमेरिकन डॉक्टरांनी एका पौंडाला ३,५०० किलोकॅलरी या रूपात मांडला. त्यामागचा हिशोब असा : मेदऊतीत सुमारे ८७ टक्के चरबी असते आणि एक ग्रॅम चरबीतून ९ किलोकॅलरी मिळतात. म्हणजे किलोमागे साधारण ७,८००. आकडा बरोबर आहे. मात्र तो एका किलोत किती ऊर्जा साठलेली आहे, एवढेच सांगतो. वर्षभरात वजन किती उतरेल, हा वेगळा प्रश्न आहे.

सूत्र ताणून पाहा. ७० किलोच्या माणसाने रोज ५०० किलोकॅलरी कमी खाल्ल्या, तर वर्षात सुमारे २४ किलो आणि तीन वर्षांत ७१ किलो कमी व्हायला हवेत. म्हणजे माणूसच उरत नाही! ऊर्जा अक्षय्यतेचा नियम येथे खोटा ठरत नाही. शरीराचा खर्च कायम तेवढाच राहतो, हे गृहीतक खोटे ठरते.

तळाला छिद्र असलेली पाण्याची टाकी आठवा. वरून येणारी धार कमी केली की पातळी उतरते. पण पातळी उतरली की छिद्रातून जाणारे पाणीही कमी होते आणि टाकी नव्या पातळीवर स्थिरावते. शरीराचेही तसेच आहे. मिफ्लिन-सेंट जिओर समीकरणानुसार (१९९०) वजन १० किलोने घटले की नुसत्या विश्रांतीचा खर्च रोज १०० किलोकॅलरींनी घटतो. चालण्या-फिरण्याचा खर्चही उतरतो, तो वेगळाच. केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार जास्त वजनाच्या प्रौढांत रोजच्या २४ किलोकॅलरींच्या कायम कपातीमागे अखेरीस सुमारे एक किलो उतरते, त्यातले निम्मे पहिल्या वर्षात. म्हणजे ५०० किलोकॅलरींच्या कपातीने वर्षात २४ नव्हे, १० किलोंच्या आसपास.

दुसरा आक्षेप असा की, वजन म्हणजे चरबी नव्हे. पहिल्या आठवड्यात काटा झपाट्याने उतरतो, तो बराचसा ग्लायकोजेन आणि त्यासोबतच्या पाण्यामुळे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिनांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. काट्याला हा फरक दिसत नाही.

हा वाद केवळ आकड्यांचा नाही. माझ्या वर्गातील एका विद्यार्थिनीने स्प्रेडशीटमध्ये वर्षाचा आलेख काढला होता : सरळ, उतरती रेषा. चौथ्या महिन्यात वजन रेषेच्या वर राहू लागले. तिने दोष स्वतःच्या निग्रहाला दिला, मेसचे रात्रीचे जेवण बंद केले आणि एके दिवशी वर्कशॉपमध्ये तिला घेरी आली. चूक तिची नव्हती, रेषेची होती. प्रयोगाचे निष्कर्ष प्रतिमानाशी जुळले नाहीत, तर आपण प्रयोगशाळेत प्रतिमान तपासतो. स्वतःच्या शरीराबाबत मात्र हे विसरतो.

म्हणून सूत्र टाकून देऊ नका. त्याची मर्यादा ओळखा. थोड्या दिवसांच्या ढोबळ अंदाजाला ते चालेल. पुढचा आलेख वक्र काढा, वजन बदलेल तशी गरज पुन्हा मोजा, वजनासोबत कमरेचा घेरही नोंदवा आणि ताटातली डाळ, उसळ, दही कमी करू नका. मुळात वजन कमी करण्याची गरज आहे का, हे आधी डॉक्टरांना विचारा.