नाव कुणाचे, चेहरा कुणाचा?

पालघर-बोईसरकडे नाणी जमवणारे मला तिबेरियसचे रोमन ‘देनारियस’ दाखवतात. दक्षिण भारतात ही चांदीची नाणी विपुल सापडली आहेत. मागील बाजूच्या आसनस्थ स्त्रीला संग्राहक सम्राटाची आई लिव्हिया म्हणतात आणि त्या नावाचे मोल मोजतात. लेखात मात्र सम्राटाची ‘प्रमुख पुरोहित’ ही पदवी आहे, लिव्हियाचे नाव नाही. ती शांतिदेवताही असू शकेल. फाउस्टिनाच्या नाण्यांवर पुढे चेहरा आणि नाव दोन्ही आले. ती खात्री इथे नाही.

आपल्याकडे नेमके उलट घडले. जुन्नर भागातल्या सातवाहन नाण्यावर सातकर्णीबरोबर नागनिकेचे नाव आहे, चेहरा नाही. नाणेघाटात तिचे शिल्प नष्ट झाले, वर कोरलेले नाव उरले. सोपाऱ्याच्या स्तूपात १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना यज्ञ सातकर्णीचे चांदीचे नाणे मिळाले. त्या नाणेमालिकेत राजाचे मुख अवतरले, राणीचे नाही.

म्हणून चित्रावरून राणीची सत्ता मोजणे मला अपुरे वाटते. त्या मापाने नागनिका शून्य ठरेल आणि अनामिक आकृती सम्राज्ञी. आधी लेख वाचावा, मग चेहऱ्याला नाव द्यावे.