दीड दिवसाची चाल : एका करारपत्राचे वाचन

संहितेचा अर्थ वाचक घडवतो, हे प्रतिपादन समीक्षाव्यवहारात आता रुळले आहे. मात्र तो वाचक कोण, आणि त्याच्या हाती कोणती सत्ता असते, हा प्रश्न पुष्कळदा बाजूला राहतो. पेनसिल्व्हेनियातील लेनापे लोक आणि इंग्रज वसाहतकार यांच्यातील १७३७ चा भूमिव्यवहार या प्रश्नाच्या संदर्भात तपासण्याजोगा आहे.

विल्यम पेनचा पुत्र थॉमस आणि वसाहतीतील मातब्बर अधिकारी जेम्स लोगन यांनी १६८६ मधील म्हणून एक करारपत्र पुढे केले. सहीचा मूळ कागद नव्हता. होती ती केवळ प्रत. माणूस दीड दिवसात चालेल तेवढी भूमी पेन घराण्याची, असा तिचा आशय. लेनापे प्रमुखांनी ऑगस्ट १७३७ मध्ये त्यास मान्यता दिली. त्यांच्या जीवनव्यवहारात ‘चालणे’ म्हणजे नदीकाठाने, वाटेत थांबत, शिकार करीत, खातपीत जाणे. १९ सप्टेंबरला पेनपक्षाने तीन निवडक माणसे आधीच मोकळ्या केलेल्या वाटेने सोडली. त्यांपैकी एकटा एडवर्ड मार्शल अखेरपर्यंत टिकला. त्याने सुमारे ६० मैल गाठले. तेथून डेलावेअर नदीकडे ओढलेली रेषाही जवळच्या काठाकडे न नेता ईशान्येकडे वळवली गेली.

येथील अर्थाची अनिश्चितता भाषेच्या स्वभावातून आलेली नाही. ती हेतुपुरस्सर राखली गेली, आणि सोयीच्या क्षणी एकाच पक्षाने ती संपवली. लेनापे निरक्षर होते, हे स्पष्टीकरण अपुरे आहे. करारांची स्मृती जपणारी वाम्पम-पट्ट्यांची चिन्हव्यवस्था त्यांच्यापाशी होती. त्यांचे वाचन चुकीचे नव्हते, ते अनधिकृत ठरवले गेले.

या व्यवहाराला एक उत्तरार्ध आहे. शॅकमॅक्सन येथे विल्यम पेनने लेनाप्यांशी केलेल्या मैत्रीच्या तहाचे विख्यात चित्र बेंजामिन वेस्टने १७७१-७२ मध्ये रंगवले, ते थॉमस पेनच्याच सांगण्यावरून. त्या तहाची लिखित संहिता उपलब्ध नाही. ज्याने कागदाच्या बळावर भूमी घेतली, त्यानेच कागद नसलेल्या सलोख्याची प्रतिमा निर्माण करविली. वंचनेवर पित्याच्या पुण्याईचा पडदा पडला.

लेनापे नेता टीडियस्कंग याने १७५६ मध्ये ईस्टन येथे या फसवणुकीचा जाहीर उच्चार केला. त्यांच्या वंशजांचा दावा २००६ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयातही टिकला नाही. फसवणूक गृहीत धरली तरी सार्वभौम सत्तेने नष्ट केलेल्या हक्काची चौकशी शक्य नाही, असा निर्वाळा मिळाला. अर्थाच्या बहुविधतेचा गौरव करणाऱ्या सिद्धान्ताने हा निर्वाळाही वाचला पाहिजे.