सर्व्हरची वेब-खिडकी आणि मराठी : ‘कॉकपिट’ची एक चिकित्सा

लिनक्सच्या जगात आभासी यंत्रांसाठी केव्हीएम व लिबव्हर्ट ही जोडी रूढ आहे. तिच्यावर हुकूमत चालविण्याचे साधन मात्र बदलत गेले. रेड हॅटने 2019 मध्ये एंटरप्राइझ लिनक्सची 8 वी आवृत्ती प्रकाशित केली. तीत व्हर्ट-मॅनेजर हे जुने साधन मावळतीस लागले व त्याची जागा कॉकपिट या वेब कन्सोलने घ्यावी असे ठरले. प्रस्तुत लेखात या बदलाचा विचार मराठी वापरकर्त्याच्या बाजूने करावयाचा आहे.

कॉकपिटची उभारणी सुटसुटीत आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मूळ पॅकेज व आभासी यंत्रांसाठीचे ‘कॉकपिट-मशीन्स’ बसवावे, सॉकेट कार्यान्वित करावे, फायरवॉलमध्ये 9090 क्रमांकाचे पोर्ट मोकळे करावे. एवढ्यावर ब्राउझरमधून काम सुरू होते. पान उघडेपर्यंत सेवा निद्रिस्त असते. प्रवेशासही सर्व्हरवरचेच खाते चालते. मात्र हेच पोर्ट इंटरनेटवर उघडे टाकल्यास सारा सर्व्हर एका पासवर्डच्या भरवशावर राहतो. शिवाय स्वस्वाक्षरित प्रमाणपत्रामुळे ब्राउझर जो इशारा देतो, तो न वाचता पुढे जाण्याची सवय विद्यार्थ्यांना लागते, ती वेगळीच.

खरा आक्षेप भाषेचा आहे. रेड हॅटच्या पुण्यातील कार्यालयातून भारतीय भाषांच्या स्थानिकीकरणाचे मोठे काम झाले. व्हर्ट-मॅनेजरला मराठी भाषांतर लाभले. कॉकपिटच्या भाषांच्या यादीत मराठी नाही. म्हणजे साधन पुढे गेले आणि भाषा मागे राहिली.

सर्व्हर सांभाळणाऱ्यास इंग्रजी यावयासच हवे, असा प्रतिवाद होतो. आज्ञावलीपुरता तो ग्राह्य आहे. परंतु यंत्र ‘बंद करा’ आणि ‘सक्तीने बंद करा’ हे दोन पर्याय शेजारीशेजारी असतात. पहिल्यात आतील प्रणाली आपले काम आवरून थांबते, दुसऱ्यात वीज तोडल्याप्रमाणे सारे थांबते व लिहिली जात असलेली माहिती नष्ट होऊ शकते. यंत्र काढून टाकताना त्याच्या डिस्क-फाइलीही पुसाव्यात काय, हा प्रश्नही असाच. माळेगाव-मुसळगावच्या एखाद्या कारखान्यात सर्व्हर सांभाळू पाहणाऱ्या, सिन्नर तालुक्यातील मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यास हा भेद पहिल्या वाचनात कळावयास हवा.

अर्थात ‘स्नॅपशॉट’ला संस्कृतप्रचुर प्रतिशब्द घडविल्याने तो कळणार नाही. रूढ शब्द तसेच ठेवून परिणाम सांगणारी वाक्ये मराठीत आणणे अधिक हिताचे. कॉकपिटचे भाषांतर फेडोराच्या वेबलेट या व्यासपीठावर चालते, आणि व्हर्ट-मॅनेजरच्या मराठी फाइलीतील पुष्कळशी शब्दावली तेथे आधारास घेता येईल.