थॉमस मोअरचे मौन

रॉबर्ट बोल्ट यांचे 'ए मॅन फॉर ऑल सीझन्स' हे नाटक १९६० साली लंडनच्या रंगभूमीवर आले आणि १९६६ साली फ्रेड झिनेमान यांनी त्यावर चित्रपट काढला. दोन्हींत सर थॉमस मोअरची भूमिका पॉल स्कोफील्ड यांनी केली. तेव्हापासून धर्मस्वातंत्र्याचा प्रश्न निघाला, विशेषतः कॅथलिक पंथीयांनी तो काढला, की मोअरचे नाव पुढे येते आणि मोअरच्या नावामागे बोल्ट यांचे नाटक उभे असते. एका नाट्यकृतीला असा मान क्वचितच लाभतो. तो ज्या कारणासाठी दिला जातो त्या कारणास हे नाटक कितपत उतरते, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

कथाभाग थोडक्यात असा. आठव्या हेन्रीला राणी कॅथरीनशी झालेला विवाह रद्द ठरवून ॲन बोलिनशी विवाह करावयाचा होता. पोप मान्यता देईना, तेव्हा राजाने इंग्लंडच्या चर्चचे प्रमुखपद स्वतःकडे घेतले. १५२९ पासून लॉर्ड चॅन्सेलर असलेल्या मोअरने, धर्माधिकाऱ्यांनी राजापुढे मान तुकविताच, मे १५३२ मध्ये आपले पद सोडले. १५३४ साली वारसाहक्काच्या कायद्यान्वये शपथ लादण्यात आली. मोअरने शपथ घेतली नाही, आणि का घेत नाही हेही सांगितले नाही. 'मौनं संमतिलक्षणम्' हा आपल्याकडे रूढ असलेला न्यायच त्याने आपल्या बचावासाठी पुढे केला. अखेरीस रिचर्ड रिच याच्या साक्षीवर त्यास दोषी ठरविण्यात आले आणि ६ जुलै १५३५ रोजी त्याचा शिरच्छेद झाला.

बोल्ट यांच्या मोअरचा पहिला विशेष हा, की तो हुतात्मा होण्यास मुळीच उत्सुक नाही. तो कायदेपंडित आहे, आणि कायद्याच्या आडोशाला जितका काळ उभे राहता येईल तितका काळ राहणे हे तो आपले कर्तव्य समजतो. नाटकातील सर्वांत तेजस्वी प्रवेश याच विचारावर उभा आहे. रिचला केवळ संशयावरून अटक करावी असा घरच्यांचा आग्रह चालू असता मोअर जावई होऊ पाहणाऱ्या रोपरला बजावतो, की सैतानाचा पाठलाग करण्यासाठी देशातील कायद्यांचे रान तोडून टाकले, तर उद्या तोच सैतान उलटून आला असता आपणांस लपावयास झाड उरणार नाही. श्रद्धेचे रक्षण आवेशाने होत नाही, नियमाने होते, हे इतक्या नाट्यमय रीतीने फार थोड्या लेखकांनी सांगितले असेल.

दुसरा विशेष म्हणजे 'सामान्य माणूस' हे पात्र. हाच एक नट मोअरच्या घरचा कारभारी होतो, मग नावाडी, मग तुरुंगाचा रखवालदार, ज्यूरीचा मुख्य, आणि शेवटी मारेकरी. टोपी बदलली की भूमिका बदलली. तो दुष्ट नाही. मोअरविषयी त्यास जिव्हाळाही आहे. पण प्रत्येक वेळी वरून आलेला हुकूम तोच अमलात आणतो, आणि आपण साधी माणसे, आपल्या हाती काय आहे, एवढेच त्याचे म्हणणे असते. आपल्यासारख्या नोकरपेशाच्या वाचकाला या पात्रासमोर स्वस्थ बसवत नाही. राजा आणि चॅन्सेलर यांच्या झगड्यात धर्मस्वातंत्र्याचा निकाल लागतो असे इतिहास सांगतो. नाटक मात्र दाखविते, की तो निकाल शेवटी कुणीतरी कागद पुढे सरकविल्याने, किल्ली फिरविल्याने, कुऱ्हाड उचलल्याने लागतो. ही योजना बोल्ट यांच्या प्रतिभेची खूण आहे.

असे असूनही नाटकात एक मोठी उणीव आहे, आणि ती कलेची व विचाराची एकाच वेळी आहे. इतिहासातील मोअर जेव्हा चॅन्सेलर होता, तेव्हा पाखंडी ठरलेल्या सहा जणांना इंग्लंडमध्ये जिवंत जाळण्यात आले. त्यांत जॉन ट्यूक्सबरी हा लंडनचा चामड्याचा व्यापारी होता, जेम्स बेनम हा मोअरप्रमाणेच कायदा शिकलेला गृहस्थ होता. या कामी मोअर नुसता साक्षी नव्हता. पाखंडाचा पाठपुरावा त्याने निष्ठेने केला आणि त्याच्या समर्थनार्थ मोठमोठे ग्रंथ लिहिले. ज्याने १५१६ सालच्या 'यूटोपिया'त अनेक धर्म शेजारी शेजारी नांदणारे राज्य कल्पिले, तोच हा लेखक. त्या कल्पित राज्यातही आत्म्याचे अमरत्व नाकारणाऱ्यास सार्वजनिक अधिकारपद मिळत नाही, हे खरे. पण तेथे त्याला जाळीत नाहीत.

बोल्ट यांनी यातले जवळजवळ काहीच रंगभूमीवर येऊ दिले नाही. रोपरच्या लूथरपंथी मतांवरून घरगुती खटका उडतो, मोअर मुलगी देण्यास नकार देतो, आणि रोपरचे मत पालटताच प्रकरण मिटते. पाखंड हा येथे केवळ जावयाच्या उतावळ्या स्वभावाचा एक अलंकार होऊन बसतो. परिणामी मोअरची कसोटी फक्त स्वतःच्या सदसद्विवेकबुद्धीपुरती लागते. दुसऱ्याची सदसद्विवेकबुद्धी आपल्या हातात सापडली असता हा मनुष्य काय करील, हा प्रश्न नाटकात उपस्थितच होत नाही. तो झाला असता, तर टॉवरच्या कोठडीतील मोअरपुढे ट्यूक्सबरीची आठवण उभी राहिली असती. शपथ नाकारणारा आज मी आहे, काल तो होता, ही जाणीव त्याला झाली असती वा झाली नसती. दोन्ही परींनी ती खरी शोकांतिका ठरली असती. आज नाटकातील मोअर थोर आहे, विनोदी आहे, निर्भय आहे, पण त्याच्या आत झगडा नाही. संकट सारे बाहेरून येते. हिलरी मँटेल यांच्या २००९ सालच्या 'वुल्फ हॉल' कादंबरीत या मूर्तीची दुसरी बाजू उजेडात आली. पण तेथे काटा उलट दिशेस इतका झुकला, की मोअरमधील माणूसच हरवला.

कॅथलिक वाचकाची तक्रार आणखी निराळी असू शकते, आणि ती विचारात घेण्याजोगी आहे. बोल्ट स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती नव्हते. त्यांचा मोअर आपल्या 'स्व'साठी मरतो. शपथ घेताना मनुष्य स्वतःला ओंजळीतल्या पाण्यासारखा धरून असतो, बोटे उघडली की तो स्वतःलाच गमावतो, अशी सुंदर प्रतिमा नाटकात आहे. परंतु ऐतिहासिक मोअरला ही भाषा अपुरी वाटली असती. त्याच्या मते सदसद्विवेकबुद्धी म्हणजे स्वतःचे खासगी मत नव्हे, तर साऱ्या ख्रिस्ती जगाने शतकानुशतके मानलेल्या सत्याची अंतःकरणातील साक्ष होय. खटल्याच्या वेळी त्याने एका राज्याच्या पार्लमेंटविरुद्ध संपूर्ण ख्रिस्ती जगाचा दाखला दिला तो यामुळेच. ज्या दृढतेने त्याने शपथ नाकारली, त्याच दृढतेतून पाखंड्यांचा छळही निघाला. सत्य एकच, मग असत्याला हक्क कसला, असा तो तर्क होता.

हा तर्क कॅथलिक चर्चनेच पुढे सोडला. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याविषयीची घोषणा २३०८ विरुद्ध ७० मतांनी संमत केली. तिच्या घडणीत जॉन कोर्टनी मरे या अमेरिकन जेझुइटाचा मोठा वाटा होता, आणि याच मरे यांना १९५५ साली या विषयावर लिहिणे थांबविण्यास वरिष्ठांनी सांगितले होते. घोषणेचे मर्म असे: सत्याचा शोध घेणे हे मनुष्याचे कर्तव्य आहेच, पण हक्क सत्यास किंवा असत्यास नसतो, तो व्यक्तीस असतो. म्हणून जो हे कर्तव्य पाळीत नाही, त्याच्यावरही राज्यसत्तेने जबरदस्ती करता कामा नये. न्याय्य सार्वजनिक सुव्यवस्था एवढीच मर्यादा. चर्चच्या इतिहासात या वृत्तीशी विसंगत वर्तन घडले, याचीही कबुली तीत आहे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षे वगळता, इन्क्विझिशन चालले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तो इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला या कबुलीचे मोल निराळे सांगावयास नको.

या कसोटीवर आजचे वापर पारखावे लागतात. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २००० साली मोअरला राज्यकर्ते व राजकारणी यांचा आश्रयदाता संत म्हणून घोषित केले. २०१२ साली अमेरिकेतील कॅथलिक बिशपांनी, मुख्यतः नोकरांच्या आरोग्यविम्यात गर्भनिरोधक साधनांचा खर्च घालण्याच्या सरकारी सक्तीविरुद्ध, धर्मस्वातंत्र्यासाठी पंधरवडा पाळला. तो मोअर व बिशप फिशर यांच्या स्मरणदिनाच्या सुमारास सुरू होईल अशी योजना होती. तेथील प्रश्नाचा निकाल येथे देण्याचे प्रयोजन नाही. पण मोअरचे नाव घेणाऱ्याने १५३५ चा मोअर आठवावा आणि १५३१ चा विसरावा, हे न्याय्य नव्हे. आपल्या विम्याची, आपल्या शाळेची, आपल्या शपथेची काळजी ज्याला आहे, त्याने शेजारच्या मशिदीची, मंदिराची आणि काहीच न मानणाऱ्या सहकाऱ्याची काळजी तितकीच वाहिली, तरच ते धर्मस्वातंत्र्याचे रक्षण. एरवी ते स्वपक्षाचे रक्षण होय. भारतीय संविधानातील मंत्र्यांच्या शपथेच्या नमुन्यात ईश्वराचे नाव घेण्याची वा नुसती गांभीर्याने प्रतिज्ञा करण्याची मुभा ठेवली आहे. शपथेच्या एका शब्दात केवढे सामावते, हे त्या दोन पर्यायांवरून ध्यानी येते.

लेखकाच्या चरित्रातील एक गोष्ट नाटकाशी जोडून वाचण्यासारखी आहे. १९६१ साली अण्वस्त्रविरोधी चळवळीपायी बोल्ट तुरुंगात गेले. हमीपत्रावर सही केल्यास सुटका होणार होती. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' या चित्रपटाची पटकथा अडून राहिली होती, निर्मात्याचा आग्रह झाला, आणि त्यांनी सही केली. त्याची खंत त्यांना पुढे लागून राहिली. या गोष्टीने नाटकाचे मोल उणे होत नाही. मोअरची उंची आणि सामान्य माणसाची टोपी, दोन्ही एकाच लेखणीतून का उतरल्या, हे मात्र त्यावरून समजते. नाटक पाहून घरी जाताना मोअरचे कौतुक करणे सोपे आहे. आपल्या टेबलावर दुसऱ्या कुणाच्या श्रद्धेविषयीचा कागद येईल, तेव्हा आपण कोणती टोपी घालू, हा प्रश्न अवघड आहे. बोल्ट यांनी तो मोअरला विचारला नाही, पण आपणांस विचारला आहे.