आयनी द्रवस्फटिक आणि शृंखलेची उपपत्ती

आयनी द्रवस्फटिकांच्या बहुतेक प्राथमिक विवेचनांत रेणुरचनेचा विचार अल्किल शृंखलेच्या लांबीपाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. शृंखला लांबली की स्तरित अवस्था येते, हे सूत्र पाठ करावयास सोपे खरे. पण ते अपुरे आहे. गॉर्डन, होलब्रे, केनेडी व सेडन यांनी १९९८ साली वर्णिलेल्या मिथिल-इमिडॅझोलियम हेक्साफ्लुओरोफॉस्फेटांत ही अवस्था शृंखलेत १४ कार्बन अणू झाल्यावर दिसते. टेट्राफ्लुओरोबोरेटांत १२ पुरतात. क्लोराइडांत ती विस्तृत तापमानकक्षेत टिकते. उलट बिसट्रायफ्लिमाइड ऋण आयनाबरोबर तितक्याच लांब शृंखला असूनही ती आढळत नाही. शृंखला एकत्र येऊन आपला थर रचतात, परंतु तो थर उभा असतो आयनांच्या थरावर. विद्युत्भार मोठ्या आयनावर विखुरला व हायड्रोजन बंध दुबळे झाले, की तो पायाच ढिला होतो.

या विवेचनांचा दुसरा दोष असा की, हा विषय इमिडॅझोलियमपासूनच आरंभला असे त्यांवरून वाटते. वस्तुतः साबण हाही आयनी द्रवस्फटिकच. निर्जल सोडियम पामिटेट तापविल्यास एकदम वितळत नाही. अनेक मधल्या अवस्था ओलांडून सुमारे ३०० अंश सेल्सियसला ते खरे द्रव होते. शृंखलेच्या सूत्राची परीक्षाही साबणावरच चांगली होते, आणि त्यासाठी दूर जावयास नको. कारंजा लाड ही वऱ्हाडातील कापसाची पेठ; सरकी तेथे परकी नव्हे. सरकीच्या तेलातील मेदाम्लांत सुमारे निम्मे लिनोलीइक आणि चतुर्थांशाच्या आसपास पामिटिक अम्ल असते. पहिल्यात १८ कार्बन अणू, दुसऱ्यात १६. लांबीच निर्णायक असती तर लिनोलिएटाचा साबण अधिक कठीण व्हावयास हवा होता. प्रत्यक्षात तो मऊ असतो, कारण दोन सिस द्विबंधांमुळे शृंखला वाकते आणि शेजारणीला नीट लागून बसत नाही.

पाण्याचा प्रश्न तर ही विवेचने बहुधा टाळतातच. पाणी वाढविले की साबण पातळ व्हावा, ही सामान्य अपेक्षा. परंतु कारखानदार ज्याला मिडल सोप म्हणतात, त्यात स्तरित साबणापेक्षा पाणी अधिक असूनही तो कितीतरी ताठर असतो. लुझाती, मुस्ताक्की व स्कूलियॉस यांनी १९५७ साली क्ष-किरणांच्या साह्याने याचा उलगडा केला: तेथे थर मोडून रेणूंच्या दंडगोल जुड्या षट्कोनी मांडणीत रचल्या जातात. शृंखला तीच राहते. पाण्याने आयनी शिरोभागाला अधिक जागा दिलेली असते.