‘पवनी-उत्खनन’ : एक परीक्षण

भंडारा जिल्ह्यांतील वैनगंगातीरच्या पवनीचा प्राचीन मातीचा तट व खंदक अभ्यासकांच्या परिचयाचे आहेत. तेथील जगन्नाथ टेकडीचें उत्खनन नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं इ. स. १९६९-७० मध्यें केलें. त्याचा वृत्तांत डॉ. शां. भा. देव व श्री. जगत्पति जोशी यांनीं इ. स. १९७२ मध्यें ग्रंथरूपानें प्रसिद्ध केला. त्याच ग्रंथाविषयीं येथें दोन शब्द लिहीत आहों.

ग्रंथाचें मोल निर्विवाद आहे. जगन्नाथाच्या देवळावरून ओळखल्या जाणाऱ्या टेकडीच्या पोटांत सुमारें ३८ मीटर व्यासाचा मौर्यकालीन स्तूप निघाला, व शुंगकालांत त्याची वाढ झाली, हें त्यांत साधार दाखविलें आहे. सांचीच्या महास्तूपाचा व्यास सुमारें ३७ मीटर आहे, हें लक्षांत घेतां पवनीची योग्यता कळून येते. कठड्याच्या स्तंभावरील नागराज मुचलिंदाचें शिल्प तर विदर्भाच्या कलेतिहासांत अग्रपूजेस पात्र आहे.

आमचा आक्षेप एवढाच, कीं हें सारें इंग्रजींत आहे. स्तूपास दान देणाऱ्यांनीं आपले लेख ब्राह्मी लिपींत, पण लोकांच्या प्राकृतांत कोरविले. पवनीसच सांपडलेला महाक्षत्रप कुमार रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभही प्राकृतांतच बोलतो. त्यांतील ‘छाया’ म्हणजे सांवली नव्हे, तर प्रतिमा, हें संस्कृतज्ञासही थांबून पाहावें लागतें. आमचें आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलें. तरीही म्हणतों, कीं त्या दात्यांनीं भाषेची निवड योग्य केली. दोन हजार वर्षांपूर्वीं जें गांवास वाचतां येत होतें, तें आज त्याच गांवास परक्या भाषेंतून कां शोधावें लागावें?

जगांतील विद्वानांसाठीं इंग्रजी हवी, हें आम्ही जाणतों. परंतु म. म. वा. वि. मिराशी यांनीं वाकाटकांचे लेख इ. स. १९६३ मध्यें इंग्रजींत संपादिले, त्यापूर्वींच, इ. स. १९५७ मध्यें, त्या राजांचा इतिहास मराठींतही लिहिला होता. हा मार्ग अवघड खरा, पण अशक्य नव्हे.

टेकडीची वीट ज्याच्या नांगरास लागते, त्याला तिचें मोल कळलें नाहीं, तर ती चुलीस किंवा भिंतीस लागणारच. याकरितां प्रत्येक उत्खनन-वृत्तांतास मराठी सारांश जोडण्याचा प्रघात पडावा, अशी आमची विनंती आहे.